पर्थ ते सिडनी : रग्बी विश्वचषकाला जायचे तर

२०२७चा पुरुषांचा रग्बी विश्वचषक ऑस्ट्रेलियात आहे. १ ऑक्टोबरला पर्थमध्ये पहिला सामना, १३ नोव्हेंबरला सिडनीत अंतिम. मधल्या सहा आठवड्यांत २४ संघ सात शहरांत ५२ सामने खेळतील. आयर्लंड, वेल्स, दक्षिण आफ्रिका, जपान इथून चाहते मोठ्या संख्येने निघतील. मुंबईत बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर हा खेळ कित्येक पिढ्या रुजलेला आहे, तेव्हा आपल्याकडूनही काही जण जातील. एवढ्या लांबच्या प्रवासाचे नियोजन एका तत्त्वावर पेलते : जे ठरलेले आहे त्यावर पैसे निःशंक लावावेत, जे ठरायचे आहे त्यावर परत मिळतील असेच लावावेत.

आधी स्पर्धेची रचना

गटांची सोडत ३ डिसेंबर २०२५ रोजी सिडनीत निघाली. सहा गट, प्रत्येकात चार संघ. त्यामुळे प्रत्येक संघाचे साखळीतले तीन सामने आधीच ठरलेले असतात : दिवस, शहर, प्रतिस्पर्धी. हा झाला पक्का भाग.

पुढे प्रत्येक गटातले पहिले दोन, असे बारा संघ बाद फेरीत जातात. त्यांच्यात तिसऱ्या क्रमांकाच्या सहा संघांपैकी सर्वांत सरस चार मिळतात आणि सोळा पूर्ण होतात. तिसऱ्या आलेल्या संघाला पुढचा सामना आहे की नाही, असला तर कोणाशी, हे इतर गटांचे निकाल लागल्यावरच कळते. म्हणून आपल्या संघाच्या नावाखाली कागदावर तीन ओळी लिहाव्यात : पहिला आला तर कुठे, दुसरा आला तर कुठे, तिसरा आला तर काय. पुढचे सगळे हिशेब याच कागदावरून होतात.

संघामागे की एका शहरात?

यजमान शहरे आहेत पर्थ, अ‍ॅडलेड, मेलबर्न, सिडनी, न्यूकॅसल, ब्रिस्बेन आणि टाउन्सव्हिल. पर्थहून सिडनी विमानाच्या वाटेने सुमारे ३,३०० किलोमीटर. उड्डाणाला चार-पाच तास लागतात. ‘इंडियन पॅसिफिक’ रेल्वेने याच प्रवासात तीन रात्री जातात. संघामागे फिरायचे तर जवळजवळ दर आठवड्याला विमान, नवी खोली आणि सामानाची बांधाबांध आली.

दुसरा मार्ग म्हणजे एका शहरात मुक्काम ठोकून जवळचे सामने पाहणे. सिडनीहून न्यूकॅसल सुमारे १६० किलोमीटरवर, रेल्वेने अडीच-तीन तासांवर आहे. मेलबर्न आणि ब्रिस्बेन विमानाने साधारण दीड तासावर. कुटुंबासह जाणाऱ्यांना हा मार्ग खर्चाला आणि प्रकृतीला मानवतो. पहिला आणि शेवटचा असे दोन्ही सामने पाहायचे असतील, तर पर्थला उतरून सिडनीहून परतण्याचे तिकीट काढावे. देश पुन्हा ओलांडण्याचा खर्च वाचतो.

खोली आधी, विमान नंतर

वेळापत्रक हाती आले की अनुभवी चाहते सर्वांत आधी विनाशुल्क रद्द होणारी खोली धरतात. सामन्यांची तिकिटे सोडतीने मिळणार असतील तर निकाल लागेपर्यंत थांबत नाहीत, कारण तोवर दर चढतात. तिकीट मिळाले की खोली कायम, नाही मिळाले तर रद्द. विमान कंपन्या साधारण अकरा महिने आधीपर्यंतचीच उड्डाणे विक्रीला काढतात. म्हणून तो टप्पा आपोआप नंतर येतो.

रद्द करण्याची मुदत हॉटेलच्या स्थानिक वेळेने मोजतात, हे ध्यानात ठेवावे. पर्थ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे. ३ ऑक्टोबरला उन्हाळी वेळ लागू झाल्यावर सिडनी साडेपाच तास पुढे जाईल.

तिकिटे अधिकृत विक्रीतून किंवा अधिकृत पुनर्विक्रीतूनच घ्यावीत. अधिकृत सहल-कंपन्या तिकीट आणि हॉटेल एकत्र देतात. ते महाग पडते, पण तिकिटाची काळजी मिटते. सही करण्याआधी पैसे परत मिळण्याच्या अटी वाचाव्यात.

खोली नेमकी कुठे?

मैदान शहरात कुठे आहे यावर मुक्काम ठरवावा. अ‍ॅडलेड ओव्हल रेल्वे स्थानकापासून नदीवरच्या पादचारी पुलाने चालत गाठता येते. मेलबर्नचे डॉकलँड्स मैदान सदर्न क्रॉस स्थानकाला लागून आहे. सिडनीत मात्र अंतिम सामन्याचे मैदान शहराच्या मध्यभागी नसून पश्चिमेला ऑलिंपिक पार्कमध्ये आहे. तिथे जायला पॅरामाटा परिसर सोयीचा पडतो, आणि शेजारच्या हॅरिस पार्कमध्ये भारतीय खानावळींची रांगच आहे.

टाउन्सव्हिलचे मैदान सुमारे २५,००० प्रेक्षकांचे आणि शहर लहान. तिथली खोली सर्वांत आधी धरावी.

सुट्ट्याही पाहाव्यात. ४ ऑक्टोबरचा सोमवार न्यू साउथ वेल्स आणि क्वीन्सलंडमध्ये सुट्टीचा आहे. २ नोव्हेंबरला मेलबर्न कप ही मोठी घोड्यांची शर्यत आहे. ऑक्टोबरच्या अखेरीस दिवाळी येत असल्याने मुंबईहून जाणारी विमाने तेव्हा महागतील.

हरण्याची तयारी

२०१५मध्ये यजमान इंग्लंड साखळीतच बाद झाला. २०२३मध्ये फ्रान्सला हजारो आयरिश चाहते गेले होते. सलग १७ सामने जिंकलेला त्यांचा संघ उपांत्यपूर्व फेरीत न्यूझीलंडकडून २४-२८ असा हरला. दुसऱ्याच दिवशी यजमान फ्रान्स एका गुणाने गेला. म्हणून बाद फेरीसाठी रद्द होणारी खोली आणि तारीख बदलता येणारे विमान यांवर थोडे जास्त पैसे गेले तरी ते सार्थकी लागतात.

निसर्गाचाही विचार हवा. २०१९मध्ये जपानात हगिबिस चक्रीवादळामुळे तीन सामने रद्द झाले. अशा वेळी आयोजक सामन्याच्या तिकिटाचे पैसे परत करतात. विमान आणि हॉटेल यांचा भार आपल्यावरच राहतो. प्रवास विमा पहिले आरक्षण केले त्याच आठवड्यात घ्यावा आणि सामना रद्द झाल्यास त्यात काय मिळते ते विचारून घ्यावे.

कागदपत्रे

व्हिसा पासपोर्टवर ठरतो, राहत्या देशावर नाही. ब्रिटिश पासपोर्टला मोफत ‘ई-व्हिजिटर’ मिळतो. लंडनमध्ये राहणाऱ्या पण भारतीय पासपोर्ट असलेल्या मराठी माणसाला पर्यटक व्हिसासाठी पूर्ण अर्ज करावा लागतो. सोबत नेलेले खाद्यपदार्थ विमानतळावर जाहीर करणे बंधनकारक आहे. लोणची-लाडू लपवले तर मोठा दंड होतो.

शेवटी, संघ हरला तरी पाहावेसे वाटेल असे काही योजनेत असू द्यावे. हाँगकाँग चायना प्रथमच विश्वचषक खेळणार आहे. झिंबाब्वे १९९१नंतर परततो आहे. अशा संघांचे साखळी सामने पक्क्या तारखेचे असतात. त्यातला एखादा आजच निवडावा आणि आखणी तिथून सुरू करावी.