इंडियन ओशन ते अभंग रिपोस्ट

डिसेंबर २०१० मध्ये पुण्याच्या कोरेगाव पार्कात ‘एनएच७ वीकेंडर’ हा संगीत महोत्सव पहिल्यांदा झाला. पुढे तो मगरपट्टा-हडपसरकडे गेला. चाकणला पहिली पाळी करून निगडीला परतायचं आणि पुन्हा अख्खं पुणं ओलांडायचं, हा त्या वर्षांत आमच्यातल्या बँडवेड्यांचा शिरस्ताच झाला.

इंडियन ओशनसाठी तर जायचंच. दिल्लीचा हा बँड १९९० चा. त्यातला राहुल राम नर्मदा बचाव आंदोलनात वावरलेला. ‘मा रेवा’ हे त्या खोऱ्यातलं लोकगीत २००० साली ‘कंदिसा’ अल्बममधून शहरांत पोचलं. २००९ च्या नाताळात तबला वाजवत गाणारा असीम चक्रवर्ती गेला, २०१३ मध्ये गिटारवादक सुश्मित सेन बाहेर पडला. तरी नव्या माणसांनी जुनी गाणी उचलली आणि ती परकी वाटली नाहीत. लोकगीतावर उभ्या राहिलेल्या बँडलाच हे साधावं, कारण ते गाणं कधीच कुणा एकाचं नसतं.

अभंग रिपोस्ट हा २०१६ चा, मुंबईच्या तरुणांचा बँड. संतांचे अभंग गिटार आणि ड्रम्सवर. हे ऐकताना आमच्या पिंपरी-चिंचवड पट्ट्यातल्या माणसाचं काहीतरी वेगळंच होतं. देहू आमच्या वाटेवर, तुकोबांची पालखी आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात मुक्कामाला. कारखान्यांत मराठवाडा, विदर्भ, खानदेशातून आलेली माणसं. अनेकांनी गावच्या भजनी मंडळात टाळ धरलेला. इंडियन ओशनसमोर आम्ही श्रोते होतो. इथे धृपद आलं की आपसूक टाळकरी झालो. गायकाने सोडलेली ओळ मागून उचलायची, हे कुणी शिकवावं लागलं नाही.

अभंगाला ड्रम्स कशाला, असं म्हणणारे जुने भजनकरी मला भेटतात. मला ठेका खटकत नाही. पण ड्रम्स चढले आणि शब्द बुडाले, तर मात्र जीव कासावीस होतो. अभंगात आधी शब्द ऐकू यायला हवा.

आता अशी मैफल आमच्याकडे व्हावी. चिंचवडच्या रामकृष्ण मोरे प्रेक्षागृहाच्या खुर्च्यांत बसून नव्हे, मोकळ्यावर, उभ्याने. पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सच्या मैदानावर जानेवारी २०१६ मध्ये ८९ वं साहित्य संमेलन भरलं होतं. त्याच मैदानात एका संध्याकाळी आधी नवे, मग जुने, असे दोन्ही बँड ऐकायचे आहेत. दुसऱ्या पाळीवाल्यांसाठी रविवारी.