क्लच प्लेट नव्या टाकल्या, तरी घाटात गाडी उचलत नाही; दुरुस्तीनंतर क्लच का सरकतो?

चेलाडी फाट्यावरून नसरापूर, मार्गासनी, विंझर करत वेल्ह्यापर्यंत गाडी मस्त येते. पुढे पाबे घाट लागतो. मागे एक माणूस बसलेला, चढ अंगावर आलेला. रेस पिळली की इंजिन ओरडतं, पण गाडी काही वेग घेत नाही. थोड्या वेळाने जळका वासही यायला लागतो.

हा क्लच सरकल्याचा प्रकार आहे, हे बहुतेक गाडीवाल्यांना कळतं. डोकं चक्रावतं ते यासाठी की चारच दिवसांपूर्वी क्लचचं काम करून घेतलेलं असतं. प्लेट नव्या, वायर नवी, ऑइल नवं. मग बिघडलं काय?

भोर आणि वेल्हे हे दोन्ही तालुके डोंगराचे. (वेल्ह्याचं नाव राजगड करण्याचा निर्णय मार्च 2024 मध्ये झाला, पण तोंडात अजून वेल्हेच बसलंय.) वरंधा घाट, पाबे घाट, मांढरदेवीकडे जाणारा चढ, केळदकडचा मढे घाट. वाडीवस्तीवरून दुधाचे कॅन खाली आणायचे असोत की आजारी माणसाला दवाखान्यात न्यायचं असो, एसटीची वेळ नसेल तर भिस्त दुचाकीवरच. सपाट रस्त्यावर लपून राहिलेला क्लचचा दोष अशा ठिकाणी ऐन चढावर उघडा पडतो. आणि निदान चुकलं की दुसऱ्यांदा प्लेटांचा खर्च होतो, दोष मात्र तसाच राहतो.

आत नेमकं काय होतं?

बहुतेक मोटरसायकलींचा क्लच इंजिन ऑइलमध्ये बुडालेला असतो. त्यात दोन प्रकारच्या चकत्या एकाआड एक रचलेल्या असतात. एक घर्षणाचं अस्तर असलेली, जिला आपण क्लच प्लेट म्हणतो, आणि दुसरी नुसत्या पोलादाची. एकीला इंजिन फिरवतं, दुसरी गिअरबॉक्सला फिरवते. स्प्रिंगा ही सगळी चळत घट्ट दाबून धरतात, म्हणून इंजिनाची ताकद चाकापर्यंत पोचते. लिव्हर दाबली की स्प्रिंगांचा दाब सुटतो आणि प्लेट मोकळ्या होतात.

म्हणजे क्लच सरकण्याची कारणं मुळात दोनच. एक तर दाब कमी पडतोय, नाहीतर पकड कमी पडतेय.

हे वरच्या गिअरमध्ये आणि चढावरच का दिसतं? खालच्या गिअरमध्ये चाक सहज फिरतं, त्यामुळे क्लचवर ताण फार वेळ टिकत नाही. वरच्या गिअरमध्ये, तेही चढावर, गाडी हळूहळू वेग घेते आणि इंजिनाचा पूर्ण जोर बराच वेळ प्लेटांवर राहतो. त्यात गाडी तापलेली असते. म्हणून गॅरेजच्या दारात मारलेल्या चक्करमध्ये सगळं ठीक वाटतं आणि घाटात नाही.

आधी खात्री करा, दोष क्लचचाच आहे ना?

मोकळ्या, सरळ रस्त्यावर टॉप गिअरमध्ये ताशी 40 किलोमीटरच्या आसपास गाडी न्या आणि रेस एकदम पूर्ण द्या. इंजिनाचा आवाज झपकन चढला आणि वेग मागे राहिला, तर क्लच सरकतोय. आवाजही चढत नाही आणि वेगही नाही, तर गाडीच्या ताकदीचा प्रश्न आहे. मग एअर फिल्टर, प्लग, पेट्रोल बघायचं. क्लच कव्हर उघडून हाती काही लागणार नाही. खटखट आवाज करत झटके बसत असतील, तर चेन आणि स्प्रॉकेटचे दात तपासा.

आणखी एक गल्लत कायम होते. क्लच पूर्ण दाबूनही गाडी पुढे ओढत असेल, न्यूट्रल लागत नसेल, तर क्लच सुटत नाहीये. ही सरकण्याच्या बरोबर उलटी तक्रार आहे आणि तिचा उपायही उलटा आहे. नव्या दुखण्याची सुरुवात बऱ्याचदा इथेच होते. ‘गिअर जड पडतात’ म्हणून गाडी दिली, वायर ताणून दिली, गिअर हलके झाले आणि क्लच सरकायला लागला.

दुरुस्तीत हात कशाकशाला लागला?

कामाआधी गाडी चढावर नीट चालत होती आणि कामानंतर चालेनाशी झाली, तर पहिला संशय कामात ज्याला हात लागला त्याच्यावर घ्यायचा. त्यातही बाहेरून आत जायचं. वायर बघायला पैसे लागत नाहीत, कव्हर उघडायला लागतात.

वायरीत थोडी ढील हवीच. लिव्हर हलकेच ओढली तर सुरुवातीला ती मोकळी हलली पाहिजे, जोर नंतर लागला पाहिजे. रोजच्या वापराच्या अनेक गाड्यांत लिव्हरच्या टोकाशी ही मोकळी हालचाल 10 ते 20 मिलिमीटर सांगितलेली असते. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत मिळेल. ही ढील शून्य असेल, तर तुम्ही लिव्हरला हात न लावताही क्लच थोडा दाबलेलाच राहतो. नव्या प्लेटाही मग महिनाभरात जळू शकतात.

इथे एक उलटसुलट गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. वायर ताणली जाऊन लांबली की ढील वाढते, पण प्लेट झिजल्या की ढील कमी होते. त्यामुळे लिव्हरची हालचाल आपोआप घटत चालली असेल, तर ‘क्लच छान टाइट झालाय’ असं समजून खूश होऊ नये.

ढील तपासताना हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघा. नवी वायर चुकीच्या बाजूने ओढून घेतली असेल, तर हँडल वळलं की ती ताणली जाते. सरळ रस्त्यावर हे कळत नाही, घाटातल्या अरुंद वळणावर कळतं. इंजिनाजवळचा छोटा दांडा, ज्याला वायर अडकवतात, तो काढून पुन्हा लावताना एक दात मागेपुढे बसला तरी हाच त्रास होतो. शंका असेल तर वायर नेहमीपेक्षा जरा जास्त ढिली करून एक फेरी मारा. गिअर जड पडतील, पण सरकणं थांबलं तर प्लेट निर्दोष आहेत.

दुसरा संशय ऑइलवर. क्लच ऑइलमध्येच बुडालेला असल्याने चुकीचं ऑइल थेट पकडीवर घाला घालतं. जपानच्या जासो या संस्थेने 1998 मध्ये दुचाकींच्या ऑइलसाठी खास वर्गवारी आणली. एमए गटातलं ऑइल (त्यातच एमए1 आणि एमए2) ओल्या क्लचसाठी, तर एमबी हे कमी घर्षणाचं. एमबी बिनगिअरच्या स्कूटरला चालतं, कारण तिचा क्लच इंजिन ऑइलमध्ये नसतो. दोन्ही डबे 10 डब्ल्यू 30 असू शकतात, कधी एकाच कंपनीचे. घाईत स्कूटरचा डबा मोटरसायकलमध्ये रिकामा होणं अजिबात अवघड नाही. कारच्या काही ऑइलमध्येही घर्षण कमी करणारी रसायनं असतात. ‘पिकअप वाढेल’ म्हणून वरून ओतलेल्या बाटलीचंही तेच.

म्हणून डब्याच्या मागची बारीक अक्षरं वाचा. चुकीचं ऑइल गेलं असेल तर ते काढून योग्य ऑइल घातल्यावर पकड बऱ्याचदा परत येते. नाही आली, तर प्लेट काढून साफ कराव्या लागतात किंवा बदलाव्या लागतात.

कव्हर उघडायची वेळ आली तर

वायर आणि ऑइल दोन्ही ठीक निघालं, की मगच आत बघायचं. नव्या प्लेट बसवण्याआधी इंजिन ऑइलमध्ये भिजवल्या होत्या का, हा पहिला प्रश्न. कोरड्या बसवलेल्या प्लेट पहिल्याच फेरीत तापतात, त्यांचा पृष्ठभाग चकचकीत होतो आणि पकड जाते.

पैसे वाचवायला फक्त अस्तराच्या प्लेट बदलून जुन्या स्प्रिंगा आणि पोलादी प्लेट ठेवल्या जातात. स्प्रिंग थकली की तिची लांबी घटते, ती व्हर्नियरने मोजता येते. चारातली एकच न बदलता पूर्ण संच बदलावा. पोलादी प्लेटवर निळसर डाग असतील तर ती जळली आहे. काचेवर ठेवून डुगडुगली तर वाकली आहे. जुनी आणि नवी चळत शेजारी ठेवून जाडी बघा. प्लेटांची संख्या आणि क्रम जुळतो का, तेही बघा. काही गाड्यांत हब आणि प्रेशर प्लेटवर जुळवायच्या खुणा असतात. त्या चुकल्या तर प्लेट पूर्ण दाबल्याच जात नाहीत.

गाडी परत नेताना भांडणापेक्षा बिल उपयोगी पडतं. कोणते पार्ट बदलले, ऑइल कोणत्या ग्रेडचं घातलं, हे त्यावर लिहून घ्या आणि जुने पार्ट मागून घ्या. पैसे देऊन करून घेतलेली दुरुस्ती ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार सेवेत येते. प्रकरण मिटलंच नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915 आहे.

आणि घाटातच अडकलात तर?

वळणावर थांबू नका, रुंद जागा बघून गाडी बाजूला घ्या आणि थंड होऊ द्या. बहुतेक गाड्यांना लिव्हरपाशी रबराखाली हाताने फिरवता येणारा ॲडजस्टर असतो. त्याची रिंग सैल करून स्क्रू आत फिरवला की वायर ढिली होते. लिव्हर थोडी मोकळी हलेपर्यंत फिरवा. मागच्या माणसाला चढ संपेपर्यंत चालायला सांगा, गाडीवरचं ओझं कमी करा. खालचा गिअर, बेताची रेस, आणि हाफ क्लच बिलकुल नाही. निघण्याआधी ॲडजस्टरची रिंग पुन्हा घट्ट करायला विसरू नका.