गर्भावस्था आणि गांजा : काही गैरसमज

अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात २०१४ साली विरंगुळ्यासाठी गांजा विकण्यास कायद्याने मुभा मिळाली, आणि पुढे काही वर्षांनी संशोधकांनी, आपण आठ आठवड्यांची गर्भवती असून उलट्यांनी हैराण झालो आहोत अशी बतावणी करून तेथील ४०० दुकानांना दूरध्वनी केले, तेव्हा शेकडा ६९ दुकानांनी बेलाशक गांजाचीच शिफारस केली. जे वनस्पतिजन्य ते निरुपद्रवी, आणि उरलेसुरले वार (प्लासेंटा) अडवून धरते, हा समज त्यामागे असावा.

वार अडवीत नाही. गांजातील मादक द्रव्य, टीएचसी, मेदात विरघळणारे असल्याने गर्भाच्या रक्तात उतरते, आणि तेथे त्याची गाठ घडत असलेल्या मेंदूशी पडते. या द्रव्यासारखीच काम करणारी द्रव्ये मेंदू स्वतः निर्माण करीत असतो. ती ग्रहण करणारी सीबी-१ ग्राहके मानवी गर्भात सुमारे चौदाव्या आठवड्यापासून आढळतात. आणि चेतापेशीचा कोवळा तंतू कोणीकडे वाढावा, कोठे थांबावा, कोणाशी जोडला जावा, याचे संकेत त्यांच्याच द्वारा मिळतात. टीएचसी हीच ग्राहके व्यापून बसते, तेव्हा नेमक्या वेळी व नेमक्या मात्रेत मिळावयाचा संकेत अवेळी आणि अवाजवी मिळू लागतो.

बाळ सुदृढ जन्मले म्हणजे सारे निभावले, असेही म्हणतात, आणि त्यासाठी मेलनी ड्रेहर यांच्या जमैकातील १९९४ च्या अभ्यासाचा दाखला देतात. त्यात गांजा ओढणाऱ्या मातांची २४ अर्भके होती आणि निरीक्षण अवघे महिन्याभराचे होते. महिन्याच्या बाळाच्या अवधानाची आणि नियोजनशक्तीची परीक्षा कशी घ्यावी? ओटावा येथे १९७८ पासून पीटर फ्राइड यांनी चिकाटीने ज्या मुलांचा पाठपुरावा केला, त्यांपैकी गांजा पुष्कळ ओढणाऱ्या मातांच्या मुलांत चौथ्या वर्षी भाषेची व स्मरणाची उणीव दिसली. पिट्सबर्ग येथील अशाच एका अभ्यासातील मुलांत दहाव्या वर्षी उतावळेपणा व अवधानाची उणीव आढळली.

मात्र अशा प्रत्येक मुलाची बुद्धी मंद होते, हा दुसऱ्या टोकाचा समजही खोटा आहे. दिसलेले फरक बहुधा लहान आहेत, त्यांत तंबाखू व दारिद्र्य मिसळलेले असते, आणि रॉटरडॅमच्या अभ्यासात पित्याच्या गांजासेवनाचाही मुलांच्या वर्तनाशी संबंध आढळल्याने सारा दोष गर्भाशयावर ढकलता येत नाही. तरीही संशयाचा फायदा गांजाला नव्हे, बाळाला मिळाला पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. उलट्यांवर परीक्षित औषधे आहेत. ती डॉक्टरांकडून घ्यावीत, आणि गांजा किंवा भांग घेतली असल्यास तेही त्यांना निःसंकोच सांगावे. प्रसूतीनंतरही सावधगिरी हवी, कारण मातेच्या दुधात टीएचसी सेवनानंतर सहा दिवसांपर्यंत सापडले आहे.