लिनक्सवरचं वाय-फाय : गैरसमज आणि वस्तुस्थिती

गैरसमज : वाय-फाय दिसत नाही, म्हणजे ड्रायव्हर नाही. आता कर्नल नव्याने कंपाइल करावा लागणार.

उबुंटू, फेडोराच्या कर्नलमध्ये बहुतेक वाय-फाय ड्रायव्हर मॉड्यूल म्हणून, म्हणजे गरजेनुसार चढवायचे सुटे भाग म्हणून, आधीच असतात. घोडं अडतं ते बऱ्याचदा फर्मवेअरपाशी, म्हणजे कार्डातल्या चिपवर चालणाऱ्या प्रोग्रामपाशी. ड्रायव्हर तो डिस्कवरून उचलून कार्डात चढवतो. डेबियनने असं बंदिस्त फर्मवेअर अधिकृत इन्स्टॉलरबाहेर ठेवलं होतं; २०२२च्या मतदानानंतर, २०२३च्या डेबियन १२ पासून ते आत आलं. तेव्हा आधी 'डीमेसग' चालवून कर्नलच्या नोंदी वाचा.

गैरसमज : नोंदीत 'एरर -२' दिसला, म्हणजे फर्मवेअर गायब.

-२ म्हणजे फाइल सापडली नाही, हे खरं. पण इंटेलचा ड्रायव्हर आपल्याला ठाऊक असलेली सर्वांत नवी आवृत्ती आधी मागतो, मग एकेक पायरी खाली येतो. त्यामुळे धडधाकट लॅपटॉपवरही अशा ओळी असतात. खाली 'लोडेड फर्मवेअर व्हर्जन' आलं असेल, तर फर्मवेअर मिळालेलं आहे. मग 'आरएफकिल'ने रेडिओ बंद तर नाही ना, हे पाहा.

गैरसमज : कर्नलच्या कॉन्फिगरेशनमध्ये 'एम' (मॉड्यूल) ऐवजी 'वाय' दिलं की ड्रायव्हर पक्का.

कर्नल स्वतः बांधणारे हमखास इथेच फसतात. 'वाय' दिलेला ड्रायव्हर कर्नलमध्येच मुरलेला असतो आणि बूट होताना फार लवकर जागा होतो. मुख्य डिस्क तेव्हा माउंटच झालेली नसते. तो फर्मवेअर मागतो, मिळत नाही, -२ देऊन गप्प बसतो. आणि नंतर पाहावं तर फाइल जागच्या जागी! 'एम' ठेवा, हा माझा स्पष्ट सल्ला. 'वाय'च हवं असेल, तर फर्मवेअर इनिटरॅमएफएसमध्ये, म्हणजे बूटच्या सुरुवातीला मेमरीत येणाऱ्या छोट्या फाइल सिस्टिममध्ये, घाला किंवा 'एक्स्ट्रा फर्मवेअर' पर्यायातून कर्नलमध्येच बांधा.

गैरसमज : इंटेलच्या ड्रायव्हरवर खूण केली की झालं.

नुसत्या 'आयडब्ल्यूएलवायफाय'ने इंटरफेस उभा राहत नाही. सेंट्रिनो ६२०५ सारख्या जुन्या कार्डांना जोडीला 'डीव्हीएम' हे मॉड्यूल लागतं, ७२६० आणि त्यानंतरच्या अनेक कार्डांना 'एमव्हीएम'. 'मॅक८०२११' हा कर्नलमधला वाय-फायचा सामाईक भाग बंद असेल, तर हे दोन्ही पर्याय मेनूत दिसतच नाहीत. मेनूकॉन्फिग या कर्नलच्या पर्याय-मेनूत तिरकी रेघ (/) दाबून नाव शोधा. पर्याय कशावर अवलंबून आहे, ते तिथेच कळतं.

गैरसमज : 'लोकलमॉडकॉन्फिग' आपल्या मशीनला हवं ते सगळं ओळखतं.

कर्नलचं कॉन्फिगरेशन आटोपशीर करणारी ही कमांड फक्त त्या घडीला लोड झालेली मॉड्यूल्स पाहते. यूएसबी वाय-फाय अडॅप्टर तेव्हा काढून ठेवलेला असेल, तर त्याचा ड्रायव्हर नव्या कर्नलमधून सहज गळतो. कमांड देण्याआधी तो लावून, नेटवर्क सुरू करून घ्या.