ढगांआडचं पीक

खरिपाचं पीक जोमात वाढतं ते जुलै-ऑगस्टमध्ये, आणि नेमकं तेव्हाच कोकणापासून भंडारा-गोंदियापर्यंत आभाळ भरलेलं असतं. सूर्यप्रकाशावर चालणाऱ्या उपग्रहाच्या कॅमेऱ्याला त्या दिवसांत भाताऐवजी ढगांचे माथे दिसतात. रडार उपग्रह मात्र स्वतःच सूक्ष्मलहरी सोडतो आणि जमिनीवरून परतणारा संकेत टिपतो. ढग किंवा अंधार त्याच्या आड येत नाही. २०१२ साली सोडलेला आपला रिसॅट-१ आणि २०१४ पासूनची युरोपची सेंटिनेल-१ मालिका यांमुळे पावसाळ्यातल्या पिकाची नोंद ठेवणं शक्य झालं. या नोंदीचा पीकविम्यात आणि उत्पादनाच्या अंदाजात भरपूर वापर व्हायला हवा. पण तिच्याकडून नेमकं काय विचारायचं, हे आधी ठरवायला हवं.

भाताचंच पाहा. चिखलणी झालेल्या खाचरात पाणी साचलेलं असतं. तिरक्या येणाऱ्या लहरी त्या सपाट पाण्यावरून पलीकडे निघून जातात, उपग्रहाकडे फारसं काही परतत नाही आणि खाचर चित्रात काळं दिसतं. लावणीनंतर फुटवे वाढू लागले की लहर पाण्यावर आणि मग चुडावर आपटून मागे फिरते. चित्र उजळत जातं. पीक पोटरीत येईपर्यंत ही चढण पुरती झालेली असते. आधी काळं आणि मग झपाट्याने उजळ, हा क्रम खरिपातल्या दुसऱ्या कुठल्याही पिकात इतका स्वच्छ सापडत नाही. त्यामुळे लावणी कुठे झाली, साधारण कधी झाली, कुठे रखडली, हे रडार खात्रीने सांगू शकतं. दिल्लीचं महालनोबिस राष्ट्रीय पीक अंदाज केंद्र खरीप भाताचं क्षेत्र काढताना रडारची चित्रं वापरतं, ते याच बळावर.

पण क्षेत्र म्हणजे उतारा नव्हे. सेंटिनेलची लहर साडेपाच सेंटिमीटरच्या आसपासची. पानोरा दाट झाला की ती वरच्या थरातच अडकते आणि संकेत वाढायचा थांबतो. लोंबीत दाणा भरला की पळींज राहिली, हे तिला कळत नाही. काळ्या रानातल्या कोवळ्या सोयाबीनमध्ये तर कालच्या पावसाने भिजलेली मातीच संकेतावर स्वार होते. पंतप्रधान पीक विमा योजनेत २०२३ पासून भात आणि गव्हाच्या उत्पादनात तंत्रज्ञानाधारित अंदाजाला किमान ३० टक्के वजन दिलं गेलं. त्या अंदाजात हवामान आणि इतर उपग्रहांची माहितीही असते हे खरं. तरीही विळा लावून, मळून, वजन करून घेतलेल्या पीक कापणी प्रयोगाची जागा कोणतंही चित्र घेऊ शकत नाही, असं माझं ठाम मत आहे.

मग रडार कशाला, कापणी प्रयोगच पुरेत, असं कुणी म्हणेल. पण प्रयोगांची संख्या मोजकीच असते आणि ते कुठे पडतात यावर सगळ्या महसूल मंडळाचा निकाल ठरतो. मंडळातली किती लावणी वेळेवर झाली, किती उशिरा, किती शेतं पाण्याखाली राहिली, हे रडारवरून आधी कळलं तर प्रयोग त्या त्या प्रमाणात वाटता येतात. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: आपली शेतं लहान. सेंटिनेलच्या नकाशातला एक ठिपका दहा मीटर लांब-रुंद, म्हणजे जवळपास एक गुंठा. वीस गुंठ्यांच्या तुकड्याला वीस ठिपके मिळतात. त्यातले बांधाकडचे शेजारच्या पिकात मिसळतात आणि उरलेल्यांत रडारच्या चित्राला जडलेला खडबडीत कोलाहल असतो. सोयाबीनमध्ये तुरीच्या ओळी असतील तर गोंधळ आणखी वाढतो. म्हणून एकेका गटाच्या भरपाईचा निवाडा रडारवर सोडू नये. गाव किंवा मंडळ पातळीवर मात्र शेकडो तुकड्यांची सरासरी निघते आणि तो कोलाहल बराच विरतो.

जुलै २०२५ मध्ये श्रीहरिकोट्याहून गेलेल्या निसार या रडार उपग्रहाची लांब लहर सुमारे २४ सेंटिमीटरची आहे. ती पानोऱ्यात अधिक खोल जाते, त्यामुळे दाट पिकाबद्दल जास्त कळेल अशी आशा आहे. मात्र हे पीक कोणतं, हे संकेताला आधी जमिनीवरूनच शिकवावं लागतं. २०२१ पासून ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतः फोटोसह पीक नोंदवतात; ती नोंद इथे कामाची आहे. तिच्याशी ताडून काढलेल्या लावणीच्या तारखा आणि पाण्याखालचं क्षेत्र कापणीआधी ग्रामपंचायतीत लावावं. चूक असेल तर ती पीक उभं असतानाच बांधावर जाऊन दाखवता येईल.