बाबांचं बोट

सकाळी ७. भंडाऱ्यात रात्रभर पाऊस. रोवणीचे दिवस, बाबा कधीच बांधावर पोचलेत. माझी शेती लॅपटॉपवर: लोकांची ॲप चोरांच्या आधी फोडून पाहायची. सध्या एका पतसंस्थेचं ॲप हाती आहे, लेखी परवानगीसकट.

८.३०. इम्युलेटर चालू केला, म्हणजे लॅपटॉपच्या पोटात धावणारा अँड्रॉइड. आई चहा ठेवत विचारते, "लॅपटॉपमंदी फोन कायले पाह्यजे रे तुले?" फुकट आहे, रूट, म्हणजे पूर्ण ताबा, लगेच मिळतं, बिघडला तर पाच मिनिटांत कोरा. ॲप उकलून वाचणं, सर्व्हरशी त्याचं काय बोलणं चालतं ते बर्प सूटमधून ऐकणं, ही कामं इथे झकास होतात. एवढंच की भंडाऱ्यात बसलेला हा फोन स्वतःला कॅलिफोर्नियात समजतो. त्याचं ठरलेलं ठिकाण गूगलचं मुख्यालय.

१०.३०. ॲप उघडलं की लगेच मिटतं. हा इम्युलेटर आहे हे त्यानं ओळखलं. हार्डवेअरच्या जागी 'रांचू' लिहिलेलं, मोबाइल नंबर १५५५५२१५५५४. असा फोन कुणाच्या खिशात असतो? फ्रिडा, म्हणजे चालत्या ॲपमध्ये हात घालणारं साधन, लावून ती तपासणी चुकवली. दीड तास गेला, आणि सापडलं काहीच नाही.

१२.३०. सिमची जोडणी. ॲप फोनवरून गुपचूप एसएमएस पाठवतं आणि सिम खातेदाराचंच आहे का ते पाहतं. इम्युलेटरचा एसएमएस कुठेच पोचत नाही. तेवढ्यात वीज गेली. जेवून घेतलं.

२.००. किल्ल्या. बहुतेक खऱ्या फोनांत ॲपची गुप्त किल्ली प्रोसेसरच्या वेगळ्या, राखीव भागात असते. इम्युलेटरमध्ये तसा भाग नाही, किल्ली साध्या सॉफ्टवेअरमध्येच. नवा होतो तेव्हा हेच पाहून अहवालात 'गंभीर त्रुटी' असं ठोकून दिलं होतं. समोरच्या डेव्हलपरनं एका ओळीत विचारलं, "खऱ्या फोनवर पाहिलंत का?" पाहिलं नव्हतं.

४.००. म्हणून खरा फोन, खरं सिम. बाबा चिखलाच्या पायांनी परतले. त्यांचं बोट मागच्या आठवड्यातच या फोनवर नोंदवून ठेवलं होतं. आता लावायला सांगितलं. नाही. पुसून लावलं. नाही. दिवसभर पाण्यात राहून बोटांची टोकं पांढरी, सुरकुतलेली. ॲपनं मुकाट्यानं चार आकडी पिन मागितला. इम्युलेटरमध्ये बोट म्हणजे टाइप केलेली एक आज्ञा, ती दरवेळी जुळते. त्यामुळे तिथे सिमची पायरी ओलांडली असती, तरी मी या पडद्यावर आलोच नसतो. खरं तर तिथेही न नोंदवलेलं बोट लावता येतं. पण तसं सुचायला हवं ना!

चुकीचे पन्नास पिन टाकले. ॲप हूं की चूं करत नाही. एकूण शक्यता दहा हजार, यंत्राला त्या कितीशा?

६.३०. आयफोनची बाजू उरली. ॲपलचा सिम्युलेटर तर फोनची नक्कलही करत नाही. ॲप मॅकसाठी वेगळं बांधून चालवतो. ॲप स्टोअरवरचं तयार ॲप त्यात चालत नाही, आणि कोड आम्हाला दिलेला नाही. चाचणीचा आयफोन नागपूरच्या ऑफिसात. उद्या सकाळची एसटी.

८.००. अहवाल. पिनच्या प्रयत्नांना मर्यादा नाही. तीव्रता: गंभीर. चाचणी: खऱ्या फोनवर.