परळचा शिलालेख आणि शिलाहार घराणे

परळ म्हटले की गिरण्या, चाळी आणि इस्पितळे आठवतात. मात्र याच परळमध्ये सव्वाआठशे वर्षांहून जुना एक शिलालेख सापडला आहे. शके ११०८, म्हणजे इ. स. ११८७ मधील हा लेख उत्तर कोकणचा शिलाहार राजा दुसरा अपरादित्य याचा आहे.

शिलाहार हे मूळचे राष्ट्रकूटांचे मांडलिक. नवव्या शतकापासून सुमारे साडेचारशे वर्षे त्यांनी या किनाऱ्यावर राज्य केले. स्थानक, म्हणजे आजचे ठाणे, हे त्यांचे प्रमुख नगर. (याच ठाण्यात पुढे १३२१ साली चार फ्रान्सिस्कन धर्मबंधू रक्तसाक्षी झाले.) परोपकारासाठी स्वतःचा देह गरुडापुढे ठेवणारा जीमूतवाहन हा आपला पूर्वज, असे हे घराणे मानीत असे.

अपरादित्यापूर्वीचा राजा मल्लिकार्जुन गुजरातच्या कुमारपालाच्या सैन्याशी लढताना मारला गेला. पुढे अपरादित्याने राज्य इतके सावरले की भिवंडीजवळच्या लोनाड येथील ११८४ च्या लेखात तो ‘महाराजाधिराज’ व ‘कोंकणचक्रवर्ती’ म्हणवतो.

परळच्या लेखातील दान मात्र लहानच आहे. षट्षष्टी, म्हणजे साष्टीतील एका वाडीच्या उत्पन्नातून २४ द्रम्म वैद्यनाथाच्या पूजेसाठी नेमून दिले आहेत. मुख्य लेख संस्कृतात असला, तरी दान मोडणाऱ्यास दिलेला शाप मराठीत आहे. खाली गाढवाचे शिल्प आहे. अशा दगडांना गधेगाळ म्हणतात. धमकी सर्वांना कळावी, म्हणूनच ती लोकांच्या भाषेत व चित्रात दिली असावी.

अपरादित्यानंतर त्याचा पुत्र केशिदेव याचेही दानलेख आढळतात. शेवटचा राजा सोमेश्वर १२६५ च्या सुमारास यादव राजा महादेवाकडून पराभूत होऊन समुद्रात बुडाला, असे यादवांचा मंत्री हेमाद्री याच्या ग्रंथात सूचित केले आहे. घराणे संपले, पदव्या विरल्या. लोकांच्या भाषेतील त्या मोजक्या ओळी मात्र मराठीच्या आरंभीच्या कोरीव लेखांत गणल्या जातात.

आज परळ-लालबागमध्ये जुन्या इमारतींच्या जागी नवे पाये खोदले जात आहेत. वाचकहो, अशा खोदकामात अक्षरांचा वा शिल्पाचा दगड दिसला, तर तो फोडू देऊ नका. पुरातत्त्व खात्याला कळवा. आपल्या भाषेचा एखादा जुना साक्षीदार त्यावर असू शकेल.